दोऱ्याखालची चीर

मी एक जुनी सायकल आहे. रंग हिरवा, निदान एके काळी तरी होता. माझी घंटी वाजते, पण पहिल्यांदा दाबल्यावर नाही, दुसऱ्यांदा. मित्रांनो, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतचा रस्ता मी पाहिला आहे. मात्र त्यातले शेवटचे अकरा किलोमीटर माझ्यावर कोणीच बसलेले नव्हते. ते का, तेच तुम्हांला सांगायचे आहे.

बल्गेरियातल्या एका कारखान्यात माझ्या नळ्या कापल्या गेल्या आणि जोडल्या गेल्या. स्तांकाने मला घेतले तेव्हा ती कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासायचे काम करायची. बाही हातात घेतली की डोळ्यांआधी तिचे बोट फिरायचे आणि सुटलेला टाका नेमका सापडायचा. पुढे तिला मुलगी झाली, नेव्याना. माझ्यामागे छोटी खुर्ची बसली. प्रत्येक वळणावर स्तांका एक हात मागे नेऊन पोरीचा गुडघा चाचपायची. पोर आहे ना जागेवर? आहे. मग पुढे. मला तेव्हा वाटे, ही रस्ता कधी पाहते?

नेव्याना शिकायला राजधानीत, सोफियाला गेली आणि मी गोठ्यात गेले. तिथे नऊ वर्षे होते. वर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या माळा, शेजारी मक्याची पोती. एक कोंबडी माझ्या टोपलीत अंडी घालू लागली. मी तक्रार करत नाही. कोणीतरी रोज येत होते, एवढे पुरेसे होते.

एके दिवशी दार उघडले. सत्तावीस वर्षांच्या नेव्यानाने मला उजेडात ओढले.

“मी पोर्तुगालच्या समुद्रापासून आपल्या समुद्रापर्यंत येणार. आणि येणार ती हिच्यावरूनच.”

“अगं, ही तुझ्याहून म्हातारी आहे!” स्तांका म्हणाली.

“तुझ्याहून तर नाही ना?”

स्तांका हसली नाही. पण तिनेच माझी साखळी रॉकेलमध्ये भिजत घातली.

एक मार्चला आमच्याकडे लाल-पांढऱ्या दोऱ्याचा गोंडा बांधतात, मार्तेनित्सा. तो अंगावर असला की वाईट जवळ येत नाही. हिवाळ्यात दूर गेलेल्यांपैकी पहिला करकोचा परत आलेला दिसला की तो सोडून फळझाडाला बांधायचा. स्तांकाने नेव्यानाच्या मनगटाला एक बांधला आणि दुसरा मला. हँडलखाली, जिथे माझे दोन दांडे जुळतात, तिथे तिने सात वेढे घातले आणि वर गाठ मारली. मग उंबऱ्यावर पाण्याची बादली ओतली, म्हणजे वाट पाण्यासारखी वाहती राहते. आम्ही निघालो. मी खोक्यात, नेव्याना बसमध्ये.

पोर्तुगालमध्ये पहिल्याच दिवशी पाहते तो काय, प्रत्येक खांबावर करकोचा! नेव्यानाने मनगटावरचा दोरा सोडून एका झाडाला बांधला आणि घरी फोन लावला.

“आई, दिसला! एक नाही, पाच दिसले!”

“ते नाही चालायचे,” पलीकडून स्तांका म्हणाली. “मी शाळेतल्या बाईंना आधीच विचारून ठेवलंय. तिथले कितीतरी हिवाळ्यातसुद्धा तिथेच राहतात. जो गेलाच नाही, तो आला कसा म्हणायचा?”

“अगं, पण माझा तर मी सोडलासुद्धा!”

“सोडलास? बरं. मग सायकलचा तरी राहू दे. आपल्या दारासमोरच्या खांबावरचा करकोचा दिसेल, तेव्हा सोड. शपथ आहे माझी.”

नेव्याना हसली, पण शब्द पाळला.

मित्रांनो, काय काय पाहिले मी! स्पेनमधल्या वाटा लाल, फ्रान्समधल्या पांढुरक्या. सगळीकडची कुत्री एकाच भाषेत भुंकतात, हे मला आधी माहीत नव्हते. या पुलाच्या पलीकडे काय असेल, त्या वळणाआड कोण असेल, हे पाहायला माझे पुढचे चाक नेहमी अधीर. स्पेनमध्येच एका दगडी उतारावर मी आदळले आणि माझ्या आत, त्या सात वेढ्यांखाली, केसाएवढी चीर गेली.

मला ती कळली. सांगणार कशी? मला एकच भाषा येते. चढ आला की मी म्हणे, कुर्र. नेव्यानाने आधी सीटला तेल दिले, मग पेडलांना. मी पुन्हा कुर्र. सर्बियात एका म्हाताऱ्या मेकॅनिकने मला उलटे टांगले, चाके काढली, बेअरिंग बदलले. शेवटी त्याचे बोट दोऱ्यावर आले.

“इथे काय आहे?”

“ते सोडू नका, काका. आईने बांधलंय.”

“मग त्याला हात लावायची माझी काय छाती!” असे म्हणून त्याने तिच्या हातात मूठभर चेरी ठेवल्या.

त्याने दोरा सोडला असता तर? हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते. तोवर चीर दांड्याच्या निम्म्यापर्यंत गेली होती.

जूनमधल्या एका सकाळी आम्ही आमच्या डोंगरात, आमच्या गावाच्या वेशीवर पोचलो. पुढे समुद्र अकरा किलोमीटर, सगळा वळणांचा उतार. नेव्यानाने ठरवलेच होते, आधी समुद्रात चाक भिजवायचे, मग घर. ती न थांबता घंटी दाबत निघाली. पहिल्यांदा वाजली नाही. दुसऱ्यांदा वाजली, तोवर स्तांका रस्त्याच्या मधोमध येऊन उभी होती.

“आई, बाजूला हो! संध्याकाळी येते ना!”

“वर बघ आधी.”

खांबावर आमचा करकोचा चोच वाजवत होता. टकटकटकटक.

“दिसला, दिसला! उद्या सोडते दोरा.”

“आत्ता.” स्तांकाने माझे हँडल धरले.

शेजारचे पेन्योकाका कुंपणावरून म्हणाले, “सोड गं पोरी. ही बाई तीन महिने त्या खांबाखाली बसून आहे. करकोच्यालासुद्धा तिची लाज वाटायला लागली होती.”

पावसाने गाठ दगडासारखी झाली होती. स्तांकाने ती दातांनी सोडवली. एकेक वेढा निघाला. लाल रंग माझ्या हिरव्यावर उतरला होता. मग सवयीने तिचे बोट दांड्यावरून फिरले, आणि थांबले. तेच बोट, सुटला टाका शोधणारे.

नेव्यानाने वाकून पाहिले. मग खाली उताराकडे पाहिले आणि रस्त्यातच बसली.

“कुर्र म्हणत होती गं ही,” ती पुटपुटली. “स्पेनपासून.”

“मीच म्हटलं होतं, सोडू नकोस,” स्तांका म्हणाली. “माझा हात तिथे आहे, असं वाटायचं मला.”

पेन्योकाकांनी गाडी काढली. “टाका सायकल मागे. समुद्र काही पळून जात नाही.”

नेव्यानाने नकारार्थी मान हलवली. ती उठली आणि तिने मला डावीकडून धरले. स्तांका आत गेली, तिने दोरा अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधला, चपला बदलल्या आणि उजवीकडून धरले. अकरा किलोमीटर मी दोघींच्या मधून चालत गेले. प्रत्येक वळणावर स्तांका दरीकडे पाही आणि मग लेकीच्या गुडघ्याकडे. दुपारी माझे पुढचे चाक खाऱ्या पाण्यात भिजले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच पुढे काय आहे हे पाहायची मला घाई नव्हती.

आता माझ्या दांड्यावर वेल्डिंगचा जाडसर व्रण आहे. त्याच्यावर रंग देऊ दिला नाही स्तांकाने. गावात मी पाव आणायला जाते, लांब नाही. दर एक मार्चला मला अजून दोरा बांधतात, पण दर रविवारी तो सोडून, खालचा दांडा बोटाने चाचपून, पुन्हा बांधतात. तसे चालत नाही, असे पेन्योकाका म्हणतात. स्तांका ऐकत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला माया लावाच. हार घाला, गोंडे बांधा. पण अधूनमधून ते सोडून खाली बोट फिरवा. आणि ती कुर्र म्हणाली तर नुसते तेल देऊन पुढे जाऊ नका. थोडे थांबा, तिला कुठे दुखते आहे ते शोधा.