टाकीत पाणी कोण घालतं?

माझ्या बैठकीच्या खोलीत समुद्र आणायची कल्पना माझ्या लेकीची. भिंत माझी, त्या भिंतीला टेकलेली आरामखुर्ची माझी, आणि ती खुर्ची उचलून गॅलरीत नेऊन ठेवणारा माझा जावई. समुद्री माशांच्या टाकीसाठी दुसरी जागा नाही, हे त्याने मला सांगितलंसुद्धा नाही. लेकीला म्हणाला, "तुझ्या बाबांना सांग." मी तिथेच उभा होतो.

आमचं असंच आहे. लग्न झाल्यापासून तो माझ्या घरात राहतो, आणि आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे. तोंडावर मी त्याला 'जावईबापू, तुम्ही' म्हणतो. मनात काय म्हणतो ते सांगण्यासारखं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू आपल्यालाच कळते असं त्याला वाटतं. मी उभा जन्म औषधाच्या दुकानात मिश्रणं बनवली, त्यामुळे त्याला काहीही कळत नाही हे मला कळतं.

टाकी उभी राहिली तीच भांडणात. दुकानातून समुद्री मिठाच्या पिशव्या आल्या. घरात डबाभर मीठ असताना ही पिशवी कशाला, असं मी विचारलं, तर जावई नाकातून हसला. त्याने मोबाइलमध्ये बघून बादलीत मीठ कालवलं, वाळू ओतली, खडक रचले, पंप लावला. सकाळी बघतो तर नासलेल्या दुधासारखं पाणी! मी म्हटलं, "वा!" एवढंच म्हटलं. तो दिवसभर धुमसत होता.

गढूळपणा बसला, पण मासा काही येईना. खडकांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढायला हवेत, तेच पुढे माशाची घाण खातात, असं टाकीवाल्याचं म्हणणं. महिनाभर मी गॅलरीत बसून काचेतून रिकामं पाणी बघत होतो.

लेक जहाजावर काम करते, समुद्राच्या तळाची मोजणी. गेली की दोन-दोन महिने येत नाही. यावेळी निघायच्या आदल्या दिवशी ती आम्हा दोघांना घेऊन टाकीवाल्याकडे गेली आणि एक क्लाउनफिश निवडला. नारिंगी अंग, पांढरे पट्टे. टाकीवाला म्हणत होता, "ताई, हा नको, दुसरा देतो." हिला तोच हवा. का, ते मी ऐकलं नाही, कारण पिशवी कोणी धरायची यावर माझं आणि जावयाचं जुंपलं होतं.

घरी मासा पाण्यात सोडला आणि ती आमच्याकडे वळली. जावयाने वेगळं घर बघून किल्लीही घेऊन ठेवलीय, हे मला तेव्हा कळलं.

"मी येईन तेव्हा हा जिवंत दिसला, तर आपण तिघं इथेच राहू," ती म्हणाली. "नाही दिसला, तर एवढासा जीवसुद्धा तुम्हा दोघांना मिळून सांभाळता येत नाही असं मी समजेन. मग मी या घरात राहणार नाही."

हिची आई गेल्यावर वर्षभर, ही जहाजावर असायची तेव्हा, मी या घरात एकटा जेवलो आहे. घड्याळाची टिकटिक ऐकत. ते मला परत नको होतं. जावयाला मात्र ते घर हवं होतं. म्हणजे त्याला मासा मेलेलाच हवा, हे समजायला काही फार डोकं लागत नाही. मी ठरवलं, याच्या हातावर नजर ठेवायची.

चार दिवसांत पाणी बोटभर खाली गेलं. बाटलीतलं मिश्रण कमी झालं तर काय घालतात? तेच मिश्रण. मी मापून मीठ कालवलं आणि टाकी भरली. संध्याकाळी जावई आला, पाण्याचा थेंब खारटपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीवर घेऊन उजेडाकडे धरला आणि माशाला म्हणाला, "काही लोकांना हात लावल्याशिवाय करमत नाही."

लेकी बोले सुने लागे, तसं आमचं माशामार्फत चालायचं. मीही माशाला म्हटलं, "काही लोकांना मी या घराचा मालक आहे हे आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पाण्यात बोट बुडवून चाखलं. अळणी! याने समुद्राचं पाणी उपसून नळाचं घातलं, हे उघड होतं. मासा मारायचा डाव. मी मूठभर मीठ जास्तच टाकलं. त्याने पुन्हा उपसलं. मी पुन्हा टाकलं. तोंडातून अवाक्षर न काढता आम्ही त्या टाकीत कितीतरी दिवस लढलो. मला माझ्या मापाची खात्री होती, त्याला त्याच्या नळीची. विचारायचं कोणी? मी मेलो तरी नाही.

मेला मासा. लेक यायला आठवडा उरला होता, आणि तो वाळूवर आडवा पडला.

टाकीवाला आला. त्याने पाणी तपासलं आणि विचारलं, "टाकीत पाणी कोण घालतं?"

"मी," मी म्हटलं.

"मी," जावई म्हणाला.

टाकीवाल्याने दोघांकडे पाहिलं. "पाणी उडून जातं, काका. मीठ उडत नाही, ते मागेच राहतं. वरून नुसतं गोडं पाणी घालायचं. आणि साहेब, तुम्हाला हे मी सांगितलं होतं, मग यांना सांगितलं का नाही? आज खारट, उद्या अळणी, कुठला मासा जगेल? शत्रूसुद्धा असं मारत नाही."

तो गेल्यावर जावई पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलला. "तिला वाटेल मीच मारला. घर मला हवं होतं ना!"

"मग नव्हता मारायचा तुम्हाला?"

"ती घरी नसताना मी तरी कोणाच्या तोंडाकडे बघतो? तुमच्याच. त्या घरात तर तेही नसतं." तो चिडून म्हणाला. "चला, दुसरा आणू. हुबेहूब."

आणि आम्ही गेलो. त्याच्याच गाडीवर मागे बसून. दुकानात दोघांनी एकमताने मासा निवडला, पट्टे अगदी ठसठशीत. पिशवी मी धरली, त्याने धरू दिली. आठवडाभर टाकीत गोडंच पाणी पडलं. एकदा तर त्याने मला चहाही विचारला. मला वाटलं, सुटलो.

लेक आली. पायातले बूटही न काढता टाकीपुढे वाकली. आम्ही दोघं मागे उभे, शाळेतल्या पोरांसारखे.

"माझा मासा कुठे आहे?"

"हा काय!" दोघं एकदम म्हणालो.

"माझ्या माशाचा मधला पट्टा तुटका होता. डाव्या अंगाला. म्हणून तर टाकीवाला नको म्हणत होता, आणि म्हणून मी घेतला होता." ती सरळ झाली. "दोन महिने तुम्ही या टाकीसमोर होतात. दोघांपैकी एकानेही त्याच्याकडे पाहिलं नाही?"

नव्हतं पाहिलं. मी जावयाचा हात पाहिला होता, त्याने माझा.

"मेला असता तर मी रडले असते, बाबा. पण तुम्ही दोघांनी मिळून आजवर एकच गोष्ट केलीत, मला फसवलंत."

तिने बॅग उघडलीच नव्हती. तीच उचलली. नव्या घराची किल्ली तिने जावयाकडून मागून घेतली. तो आपली बॅग आणायला आत वळला, तर म्हणाली, "तू नको. तू इथेच राहा. या माशाला दोन माणसं लागतात."

दार लागलं.

याला आता दोन महिने होतील. ती मला फोन करते, त्याला करते, पण वेगवेगळा. घरी येत नाही. मासा धडधाकट आहे. त्याच्या शेपटीच्या टोकाला काळी रेघ आहे आणि जेवताना तो आधी डावीकडे वळतो, हे मला आता माहीत आहे. माझी खुर्ची अजून गॅलरीतच आहे. काल जावई हातात तांब्या घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाबा, आज पाणी मी घालू का?"

"हे तेव्हा विचारायला काय झालं होतं?" मी म्हटलं.

"तुम्हाला काय झालं होतं?" तो म्हणाला, आणि तांब्या माझ्या हातात देऊन आत निघून गेला.