डोक्यावर उभा सॉस

आमच्या मावशीचा टोमॅटो सॉस भयंकर घट्ट. बाटली उलटी करून बुडावर धपाटे घातल्याशिवाय थेंब बाहेर पडत नाही. कुणी कुरकुर केली की मावशी म्हणते, "पाणी नाही घातलेलं, हा त्याचा पुरावा!"

तर झालं काय, आपण आणि शेजारच्या देशांनी मिळून करार केला, आपापसातली जकात उठवली. लगेच पलीकडची एक सुपरमार्केट कंपनी आमच्या शहरात धडाधड दुकानं टाकत सुटली. त्यांच्या खरेदीवाल्या बाई माल शोधत आमच्या कारखान्यात आल्या. कारखाना म्हणजे चार चुली आणि एक पत्र्याची शेड. सॉस चाखला, बोट चाटलं, म्हणाल्या, "आधी तिकडे आमच्या एका दुकानात ठेवून बघू. खपला तर सगळ्या देशांत. नाही खपला तर परत."

बाईंची गाडी वळायच्या आत मावशीने अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं. मग रात्री मला म्हणते, "परत आला ना रे, तर मी कुणाला तोंड दाखवायची नाही."

लेबल दोन्ही भाषांत हवं होतं. छापखान्याने ते दिलं थेट ट्रक निघायच्या दिवशी! आमच्याकडे गरम सॉस भरून झाकण लावलं की बाटली डोक्यावर उभी करतात, म्हणजे झाकण आतून तापून निघतं. झाकणं रुंद आहेत, मस्त उभी राहते. गार झाली की सरळ करायची, मग लेबल. पण त्या दिवशी काका, म्हणजे मावशीचे यजमान, घाईचे सरदार, ओरडले, "सरळबिरळ राहू द्या, आधी चिकटवा!"

चिकटवलं. तशाच खोक्यात भरल्या. ट्रक सुटला. पूर्वी सीमेवर ट्रक कुजत पडायचे, आता ड्रायव्हरचा फोन, "नुसता हात दाखवला आणि सोडलं!" आम्ही नाचलो.

विक्रीच्या पहिल्या दिवशी आम्ही तिघं बसने तिकडे. दुकान केवढं! सॉसच्या फळीवर सगळ्या बाटल्या पायांवर उभ्या, आमच्या तेवढ्या डोक्यावर. लेबल मात्र अगदी सरळ वाचता येतंय.

मावशीचा चेहरा पांढराफटक. "अगं बाई! उलटी लेबलं!"

"माझ्याकडे काय बघतेस?" काका म्हणाले. "वाचता येतंय ना?"

"तुम्ही गप्प बसा हो!" म्हणत तिने भराभरा बाटल्या सरळ करायला घेतल्या. आता लेबलं उलटी. मीही हात लावला. तेवढ्यात एक आजोबा ढकलगाडी घेऊन आले.

"अहो, कशाला फिरवताय? होती तशी द्या मला."

"पण ती उलटी आहे," मावशी रडवेली.

"म्हणून तर! घट्ट सॉस काढता काढता मनगट गेलं माझं. हा आधीच तोंडाशी येऊन बसलाय." त्यांनी दोन उचलल्या. मागच्या ताईंनी कान टवकारले, त्यांनीही एक घेतली. मग तिसरं कुणी, मग चौथं. मावशी गुपचूप सगळ्या पुन्हा डोक्यावर उभ्या करायला लागली.

दुपारपर्यंत फळी रिकामी. खरेदीवाल्या बाई धावत आल्या. "अफलातून! कुणाची कल्पना?"

काकांनी छाती फुगवली. मावशी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "आमच्याकडे पहिल्यापासून असंच उभं करतात."

खोटं काय त्यात?

"मग सगळ्या देशांत अश्शाच पाठवा," बाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मावशी हसून हसून लोळायची बाकी होती. मी विचारलं, "मावशी, नव्या ऑर्डरची लेबलं कशी लावायची मग?"

"काकांना विचार," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यांच्याइतकं अचूक चुकायला कुणाला जमतंय?"