रुंद चिप, अरुंद ठसा

चाळीस कोरे बोर्ड आले तेव्हा भाची डबा उघडत होती. मावशीने तिला दारातूनच हाक मारली आणि सोल्डरिंगच्या टेबलापाशी नेलं. त्या टेबलावर मावशी सव्वीस वर्षं बसत होती. भाचीला इथे डिझाइनची नोकरी तिनेच लावून दिली होती.

बोर्ड तान्ह्या बाळांच्या वजनकाट्यांचे होते. मावशीने चिमट्याने एक चिप उचलून तिच्या जागी ठेवली. चिपला आठ पाय, आणि ते टेकायला बोर्डावर तांब्याचे आठ ठसे, म्हणजे फुटप्रिंट. पण आठही पाय ठशांच्या बाहेर पडत होते.

ही चिप दोन मापांत मिळते, अरुंद आणि रुंद. भाचीने मागवली होती रुंद. कॉम्प्युटरवरच्या तयार फुटप्रिंटमधून उचलला होता अरुंद.

साहेब आले. सप्लायरने चुकीचा माल पाठवला, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि त्याला फोनवर फैलावर घेतलं. भाची शेजारीच उभी होती. मावशी चिमटा पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी भाची साहेबांच्या आधी येऊन त्यांच्या दाराशी थांबली.

"माल बरोबर आहे. फुटप्रिंट मी चुकीचा घेतला."

काल का सांगितलं नाहीस, असं साहेबांनी विचारलं.

"काल माझ्याच्याने बोलवलं नाही."

बोर्ड आठवड्यात द्यायचे होते. तोडगा मावशीने काढला: पाय चिपच्या पोटाखाली दुमडायचे. अशी चिप नीट बसेल का, ही साहेबांची शंका होती.

"मांडी घालून बसेल," मावशी म्हणाली.

एकूण तीनशेवीस पाय होते. दुमडलेला पाय परत सरळ करू नये, तुटतो, एवढं सांगून मावशीने दुसरा चिमटा भाचीच्या हातात दिला. पहिल्या दोन दिवसांत भाचीने चार चिपा मोडल्या. जादा चिपा सहाच होत्या. तिसऱ्या दिवशी मावशीने मान वर न करता साहेबांपुढच्या कबुलीचा विषय काढला.

"मला वाटलं होतं, सांगायला तू आठवडा तरी लावशील."

भाचीचे डोळे भरून आले. त्यात पाचवी चिप मोडली.

चौथ्या दिवशी चाळिसावा बोर्ड अचूक वजन दाखवू लागला. त्याच दुपारी कुरिअर आलं. सप्लायरने फोनचा धसका घेऊन पन्नास अरुंद चिपा फुकट पाठवल्या होत्या, वर माफीची चिठ्ठी.

उत्तर लिहायचं काम साहेबांनी भाचीला दिलं. तुमची काहीच चूक नव्हती, आम्ही उगाच बोललो, असं तिने दोन ओळींत लिहिलं. त्यावर सही करायला साहेबांना संध्याकाळ झाली.