नावाडी आणि ताईची कवळी

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण दात करून मात्र या माणसाचं पोट उत्तम भरत होतं. गल्लीतले लोक त्याला कवळीवाला म्हणत. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचं आणि यानं आपल्या खोलीत बसून कवळी करायची, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. काम अव्वल, त्यात वाद नाही. पण तोंडाचा पट्टा असा की विचारू नका. दुसऱ्यानं केलेली कवळी दुरुस्तीला आली की आधी त्या करणाऱ्याचा उद्धार व्हायचा, दुरुस्ती मग.

त्याचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे त्याचं पातेलं. कवळीचा साचा पितळेच्या डबीत बसवतात, डबी घट्ट आवळतात आणि पाण्यात मंद आचेवर शिजवतात. आच वाढली तर हिरडीचा गुलाबी भाग फसफसतो, पाणी आटलं तर सगळंच करपतं. म्हणून हा पातेल्यापाशी स्टूल टाकून बसायचा तो गॅस बंद करूनच उठायचा. दूध तापत ठेवून शेजारणीशी गप्पा छाटणाऱ्यांचं हे काम नव्हे, असं तो इतर कारागिरांना ऐकवायचा. त्यांनी विचारलेलं नसायचं, ती गोष्ट वेगळी.

ऐकवायला हक्काचं माणूस म्हणजे ताई. त्याची मोठी बहीण, शाळेत शिकवून निवृत्त झालेली आणि सिनेमाची भारी वेडी. बायको गेल्यापासून हा रोज संध्याकाळी तिच्याकडेच जेवायचा. ती हौसेनं पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट सांगायला लागली की हा ताटातून डोकं वर न काढता म्हणायचा, "खोट्या माणसांसाठी खरी आसवं! हद्द आहे." जेवायचं तिचं आणि टोमणेही तिलाच. ती त्याला ठोंब्या म्हणायची आणि हसून सोडून द्यायची. अलीकडे तिचं सिनेमाला जाणं थांबलं होतं. वयानं थांबलं असेल, असं म्हणून यानं तो विषय तिथंच सोडला.

ताईचे दात हिरड्यांच्या दुखण्यानं गेले होते. कवळी अर्थात यानंच केलेली. पण हिरड्या आटत गेल्या, कवळी सैल झाली, बोलताना टकटक वाजायला लागली, आणि एकदा तर दुकानदारासमोर निम्मी बाहेरच आली. तेव्हापासून ती तोंडावर हात धरून बोलायची, आणि परक्यापुढे तेवढंही नाही. अशात शाळेचा निरोप आला. जुने विद्यार्थी जमणार होते आणि भाषण त्यांना बाईंचंच हवं होतं. ती नाहीच म्हणत होती. यानंच छाती ठोकून सांगितलं की दात तुझे तेच ठेवतो, हिरडी तेवढी नवी करतो, वाजली तर नाव बदलीन. दात तेच राहिले की जिभेला पुन्हा शिकवावं लागत नाही, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पण त्यासाठी जुनी कवळी मोडणं भाग होतं, आणि दुसरी नव्हती. ताईनं ती रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिली आणि घराचं दार लावून बसली. त्या दिवसापासून ती रोज आरशासमोर, तोंडात काही नसताना, भाषण म्हणत होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी ताईची डबी पातेल्यात चढली. कवळीवाला स्टुलावर बसला. आणि मग त्याला आठवलं की समोरच्या थिएटरच्या मॅनेजरची दुरुस्त केलेली कवळी द्यायची राहिलीय. बिचारा दोन दिवस पेज पितोय. नुसता रस्ता तर ओलांडायचा होता. त्यानं आच आणखी कमी केली, पातेलं काठोकाठ भरलं आणि निघाला.

मॅनेजरनं कवळी तोंडात बसवली, चावून पाहिली आणि खूश होऊन त्याला धरून आतच नेलं. जुना गाजलेला सिनेमा आहे, पाच मिनिटं बसा तरी, म्हणाला. नाही म्हणेपर्यंत हा अंधारात, मागच्या रांगेत, खुर्चीत बसलेला होता. आता उठतो म्हणाला आणि समोर पाहिलं.

पडद्यावर एक थिएटर होतं आणि त्या थिएटरातल्या पडद्यावर एक नदी. एक नावाडी नाव वल्हवत पैलतीराला यायचा, तीरावर कुणी नसायचं, थोडं थांबून तो परत जायचा. रोजच्या खेळात तेच. बघणाऱ्यांत एक विधवा बाई होती, लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देणारी. ती रोज यायची आणि त्या रिकाम्या तीराकडे बघून तिचा जीव तुटायचा. एके दिवशी तिला राहवलं नाही. ती उठली, खुर्च्यांच्या मधून चालत गेली, पायऱ्या चढली आणि सरळ पडद्यात शिरून तीरावर जाऊन उभी राहिली. लांबून नाव येताना दिसायला लागली.

कवळीवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं आहे, सगळं खोटं आहे हे त्याला काय कळत नव्हतं? पण बायको गेल्यापासून संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडताना आत कुणीही नसतं, हे त्याला त्या नावाड्याकडे बघून पहिल्यांदाच नीट कळलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यानं ते पुसलंसुद्धा नाही.

तेवढ्यात सिनेमात गंमत झाली. तीरावर उभ्या त्या बाईनं एकदम कपाळावर हात मारून घेतला. घरी इस्त्री चालूच राहिली होती, कुणाच्या तरी सदऱ्यावर. थिएटर खदखदून हसलं, हाही हसला. आणि हसता हसता त्याला आपलं पातेलं आठवलं.

इथं उठला असता तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. तो उठलासुद्धा. अर्धवट उभा राहिला, मागच्याला दिसेना म्हणून मागचा ओरडला, आणि हा पुन्हा बसला. पाणी काठोकाठ भरलंय, आच मंद आहे, काही होत नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ज्या थापेसाठी त्यानं दुसऱ्या कारागिराचं तोंड बंद केलं असतं, तीच थाप त्यानं स्वतःला मारली आणि ती त्याला पटलीही. त्याला फक्त एवढंच बघायचं होतं की नाव तीराला लागते का. नाव लागली. बाई नावेत बसली. शेवटपर्यंत बसून, दिवे लागल्यावर तो बाहेर पडला.

खोलीत धूर होता. पातेलं कोरडं ठणठणीत, बुडाला काळं झालेलं. डबी फडक्यानं धरून थंड पाण्यात टाकली, फोडली, आणि आतून जे निघालं ते टेबलावर ठेवलं. गुलाबी भाग भोकाभोकांचा, पावासारखा फुगलेला. दात पिवळे पडून वाकडे झालेले, दोन एकमेकांना चिकटलेले. ताईचं हसणं, बोलणं, शिकवणं सगळं त्या दातांवर चाललं होतं, आणि यानं त्याची राख केली होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

पण जमीन कुणाच्या सोयीनं दुभंगत नाही. संध्याकाळी ताई आली, तोंडावर रुमाल, डोळ्यांत लहान मुलीसारखी घाई. आणि हा बेशरम काय म्हणाला? हिरडी करायची पावडर खराब निघाली म्हणाला. पुरवणाऱ्यानं जुना माल गळ्यात मारला म्हणाला.

ताईनं तो फुगलेला गोळा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि हळूच टेबलावर ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण बोलली ती भलतंच. जाऊ दे म्हणाली, तुझा काय दोष, शाळेला कळवते बरं वाटत नाही म्हणून. याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यापेक्षा तिनं चार थोबाडीत दिल्या असत्या तर याला बरं वाटलं असतं.

मग तिनं त्या पावडरवाल्याचा नंबर मागितला. असला माल तो आणखी कुणाकुणाला देईल, नाव खराब होईल ते तुझं, असं तिचं म्हणणं. तू तोंडघशी पडायला नकोस, मीच झाडते त्याला. खोलीच्या भिंतीवर नंबर लिहिलेलाच होता. ती फोन लावायला लागली. ओळखीच्या दुकानदारापुढे तोंड न उघडणारी ताई, एकही दात तोंडात नसताना, एका परक्या माणसाशी भांडायला उभी राहिली होती. याच्यासाठी. तिनं तोंडावरचा रुमालसुद्धा बाजूला काढून ठेवला.

यानं तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"पावडर चांगली होती ताई. मी सिनेमा बघत होतो."

तिला आधी अर्थच लागला नाही. मग तिनं शाळेतल्या आवाजात, दात नसताना जमेल तितकं स्पष्ट, एकच विचारलं.

"पातेलं आठवलं नाही?"

"आठवलं. तरी बसलो."

खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. ताईनं रुमाल उचलून पुन्हा तोंडाला लावला.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," ती म्हणाली. "उद्या शाळेत तू जा. बरं नाही वगैरे सांगायचं नाही. माझ्या जागी उभा राहा आणि जे झालं ते सांग."

त्या दिवशी तो जेवायला गेला नाही. तिनंही बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या सभागृहात व्यासपीठावर उभा राहिला. समोर पिकल्या केसांची, पोटं सुटलेली, नातवंडं घेऊन आलेली पोरं. बाईंसाठी मांडलेल्या खुर्चीत बसायचा त्याला धीर झाला नाही. खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं. नावाडी, इस्त्री, पातेलं, काही वगळलं नाही. लोक हसले. दुष्टपणानं नव्हे, माणूस फजिती सांगतो तेव्हा हसतात तसे. त्याचे कान मात्र तापले, आणि हे हसणं आपण पुरेपूर कमावलंय असं त्याला वाटलं.

सगळं संपल्यावर एक टकलू गृहस्थ त्याच्याजवळ आले. बाईंना नमस्कार सांगा म्हणाले, आणि विचारलं की बाई अजून तशाच हसतात का? वर्गात हसायला लागल्या की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घ्यायचे. कवळीवाला हो म्हणणार होता. पण ताईचं ते हसणं आपण शेवटचं कधी ऐकलं ते त्याला आठवेना. जेवताना रोज तिच्यासमोर बसून आठवेना. ती हसते असं तो धरून चालला होता, आणि ती किती तरी दिवस नुसती तोंडावर हात धरत होती.

तिथून तो तडक तिच्या घरी गेला. दार उघडं होतं. ती खिडकीशी बसली होती. शाळेत सगळं सांगून आलो असं त्यानं सांगितलं, टकलू गृहस्थांचा निरोप दिला, हसण्याचंही बोलला. नवी कवळी करतो, पातेल्यापासून हलणार नाही, हेही म्हणाला. ताईनं त्यावर नुसती मान हलवली.

मग तिनं त्या सिनेमाची गोष्ट विचारली. यानं सांगितली, अडखळत, कारण अशी गोष्ट त्यानं जन्मात कुणाला सांगितली नव्हती. ती मन लावून ऐकत होती. इस्त्रीपाशी आल्यावर तिचे खांदे हलले, पण हात तोंडावरच होता.

"तिथं अंधार असतो ना रे," ती म्हणाली. "कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. पण तिकीट मागायला तोंड उघडावं लागतं, म्हणून सोडलं मी जाणं. एवढा रडलास, एवढा हसलास, तेव्हा एकदा तरी वाटलं का, ताईला आणायला हवं होतं?"

खोटं बोलायला ही चांगली संधी होती. एक शब्द पुरला असता आणि तिला बरंही वाटलं असतं.

"नाही वाटलं," तो म्हणाला.