दहा फुटांचे माप

शकू मॅट्रिकच्या वर्गात होती तेव्हाची गोष्ट. तिची आई जाऊन सहा वर्षे झाली होती. दहिवलीच्या घरात मी, शकू आणि माझी थोरली बहीण अंबूअक्का, एवढी तीनच माणसे. मी कर्जतच्या वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याचे काम करी. लोक मला मास्तर म्हणत. मी कधी कुणाला काही शिकवले नाही.

शकू शाळेत बास्केटबॉल खेळायची. जानेवारीत अलिबागला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. पण संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलगे जमत, ते अक्काला खपेना.

"खेळायचं तर घरच्या आंगणात खेळ," ती म्हणाली. "आन् निवड झाली नाय, तर खालापूरचं स्थळ बघायचं. मग रडायचं नाय."

शकू "बरं" म्हणाली. मीही मान हलवली.

मी वाचनालयातले खेळांचे इंग्रजी पुस्तक घरी आणले. सागाचा खांब घ्यावा की लोखंडी पाइप, यात माझे पंधरा दिवस गेले. सागाला वाळवी लागेल, पाइप गंजेल. शेवटी शकूच म्हणाली, "बाबा, काहीही घ्या, पण या महिन्यात घ्या." मग खोपोलीच्या भंगारवाल्याकडून पाइप आणला. कडी लोहाराने वळवून दिली. गवंडी धाऊ खड्डा खणायला आला.

"तीन फूट कशाला मास्तर? हत्ती बांधायचाय का?"

"पुस्तकात दिलंय."

"आन् ही टोपली बिनबुडाची?"

"चेंडू आत टाकला की खाली पडला पाहिजे."

"म्हंजी खाली पडायला वर टाकायचा! झ्याक खेळ हाय."

ओट्यावरून अक्का मला म्हणाली, "मोरू, खांब पुरतोसच हायेस, तर मांडवाचा पूर की रं. दोन्ही कामं व्हतील."

शकू खळखळून हसली. त्या दिवसांत ती फार हसायची.

चेंडू शेतात जाऊ नये म्हणून मी खांब ओट्याच्या बाजूला घेतला. धाऊने दोरी धरून विचारले, "धा फूट कुठून मोजू?"

"खांबाच्या पायापासून," मी सांगितले. पुस्तकात जमिनीपासून असे होते. इतक्या ठामपणे मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी सांगितल्या असतील. सिमेंटवर आठ दिवस पाणी मारले. खांबापासून पंधरा फुटांवर चुन्याची रेघ ओढली आणि नवव्या दिवशी शकूने तिथून पहिला चेंडू टाकला.

सुरुवातीला तिचे चेंडू कडीपर्यंत पोचेनात. मग पोचू लागले. डिसेंबर संपता संपता दहातले आठ आत पडत. तांदूळ निवडताना अक्कासुद्धा ते मोजायची.

अलिबागला दहातला एक पडला.

"सगळे चेंडू लांब जातात हिचे, वरून जातात," शाळेच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "असं कसं झालं?" येताना एसटीत शकू खिडकीकडे तोंड करून बसली होती. खोपोलीला मी भजी आणली. तिने ती हातात धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने ओट्याखाली हंडाभर पाणी ओतले. पाणी खांबाला वळसा घालून निघाले आणि चुन्याच्या रेघेवरून सरळ शेतात गेले. पावसाळ्यात घरात पाणी येऊ नये म्हणून आमच्याकडे सगळीच अंगणे उतरती करतात. जन्मापासून मी त्या अंगणात वावरलो होतो. उतार मोजायला धाऊची पाणसळ मागून आणली, दोरी ताणली. रेघेपाशी जमीन आठ इंच खाली होती. दोन महिने शकूचा हात दहा फुटांना नव्हे, जवळजवळ पावणेअकरा फुटांना घडत गेला होता.

रविवारी खालापूरची माणसे यायची होती. तिला सांगायला हवे होते, की चूक माझी आहे, तुझा हात चांगला आहे, अक्काशी मी बोलतो, आपण एक वर्ष थांबू. वाक्ये मनात नीट जुळवून मी स्वयंपाकघरात गेलो. ती भाकरी थापत होती.

"शकू, तो खांब..."

"काढा हवं तर. मला नाही जमत, बाबा. माझ्यापायी तुम्हाला उगाच खोपोलीपर्यंत पळायला लावलं. चुकलंच माझं."

"शानी हाय पोर," अक्का म्हणाली. "समजली."

मी पेलाभर पाणी प्यायलो आणि बाहेर आलो. रविवारी पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि होकार दिला.

पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा सांगणार होतो. मग बाळंतपणाला आली तेव्हा. पुढे अक्का गेली, आणि आता तिच्यामुळे बोलता येत नाही असेही म्हणता येईना.

गेल्या वर्षी खालापूरला गेलो होतो. दहा वर्षांची नात चिमा शाळेतून ओरडतच आली. "आई, शाळेत बास्केटबॉल सुरू झालाय! तू खेळायचीस ना? मला शिकव."

"नाही गं," शकू म्हणाली. "दोन महिने हात दुखेपर्यंत टाकत होते, पण मला ते कधी आलंच नाही. विचार आजोबांना."

"खरंच, आजोबा?"

दोघी माझ्याकडे पाहत होत्या. शकू हसत होती, तिला त्याचे आता काहीच वाटत नसावे तशी. बोलायला याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

"अगं, खूप वर्षं झाली त्याला," मी म्हणालो, आणि चहा बशीत ओतला.