दारातल्या चपला

स्पिरिटच्या कोठाराला दोन कुलपं होती, एक कंपनीचं आणि एक सरकारचं. कंपनीची किल्ली कोठीवाल्याच्या कमरेला, सरकारची अबकारी खात्याच्या इन्स्पेक्टरच्या खिशात. दोघं हजर असल्याखेरीज दार उघडायचं नाही की लावायचं नाही. म्हणजे एकाला चोरी करायची झाली, तर दुसऱ्याची परवानगी लागणार! शिवाय खिळ्याने ठिणगी पडते म्हणून पायातलं बाहेर काढायचं, आणि कुलूप लावण्याआधी आत जाऊन मोठ्याने हाक मारायची.

त्या संध्याकाळी हाक कुणीच मारली नाही. दुपारी नमुन्याच्या बाटलीवरून दोघांची चांगलीच जुंपली होती आणि तेव्हापासून अबोला होता. हाक मारणं सरकारचं काम, असं कोठीवाला मनात म्हणाला. हा मारेलच, असं इन्स्पेक्टरला वाटलं असावं. शिवाय त्याला घरी जायची घाई. दोन्ही कुलपं लागली, सरकारी कुलपावर लाखेचं सील बसलं, आणि दोघं तोंडं फिरवून चालते झाले.

कोठीवाला हातपाय धुऊन फाटकाशी थोरल्या भावाची वाट बघत थांबला. दोघं रोज बरोबरच घरी जायचे. थोरला आत टाक्या पुसायचा. कानाने अधू, पण नीटनेटका इतका, की चपलासुद्धा भिंतीला टेकवून जोडीने ठेवायचा. सगळे त्याला लाटसाहेब म्हणत. एकेकाळी पीत होता. सोडली, त्यालाही जमाना झाला.

"लाटसाहेब अजून बाहेर पडले नाहीत," पहारेकरी म्हणाला.

कोठीवाला तसाच मागे वळला. तो धावत कोठाराशी गेला. चपला होत्या, भिंतीला टेकवून, जोडीने. मघाशी त्यांच्याच शेजारी उभा राहून त्याने आपली किल्ली फिरवली होती.

दार बडवलं, आतून उत्तर नाही. इन्स्पेक्टर फोन उचलेना.

"सील तोडलंस तर नोकरी जाईल, वर तुरुंग," पहारेकरी म्हणाला.

"आणि नाही तोडलं तर दादा जाईल. पाणी आण!"

लोखंडी घण चालणार नव्हता. एक ठिणगी, की सगळं खलास. पहारेकरी बादल्या ओतत राहिला आणि कोठीवाल्याने पितळी हातोडा चालवला. तळहात सोलवटले. शेवटी कुलूप तसंच राहिलं आणि कडीच उखडून आली.

थोरला टाकीमागे पडला होता. वाफेने गुंगी आलेली, श्वास जेमतेम. दोघांनी त्याला उघड्यावर आणलं. त्याचे पाय गार लागले तेव्हा कोठीवाल्याला राहवलं नाही. घाईघाईत त्याने चपला त्याच्या पायात चढवल्या. पहारेकरी त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात घेऊन गेला. उघडं कोठार सोडून जायचं नाही, हा नियम कोठीवाल्याने तेवढ्यातही पाळला, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

मग मिस्ड कॉल बघून इन्स्पेक्टर आला. उखडलेली कडी पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला,

"तुझा भाऊ प्यायला आत लपला आणि तू त्याला पकडलंस, असं कळवतो. तुझी नोकरी वाचेल. माझीही."

"लपणारा माणूस चपला दारात काढून ठेवतो का, साहेब? तुम्हीही बघितल्यात की!"

"कुठे आहेत?"

कोठीवाल्याने भिंतीकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"त्याच्या पायात. मीच घातल्या."

"मग चपला नव्हत्याच," इन्स्पेक्टर हळूच म्हणाला. "माझी मुलं शाळेत आहेत रे. समजून घे."

कोठीवाल्याने मान खाली घातली. त्याचीही मुलं शाळेतच होती. तेवढ्यात फोन वाजला. पहारेकरी ओरडूनच बोलत होता, इन्स्पेक्टरलाही ऐकू जाईल इतका.

"शुद्धीवर आले! धोका टळला म्हणतात डॉक्टर. पण लाटसाहेब भडकलेत. विचारतायत, चपला उलट्या पायांत कुणी घातल्या?"

कोठीवाला हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. इन्स्पेक्टर दुसरीकडे बघत राहिला.

"तुम्हाला काय कळवायचं ते कळवा, साहेब. मी कळवणार, की हाक आपण दोघांनीही मारली नाही."

त्याने कमरेची किल्ली सोडून पुढे धरली. इन्स्पेक्टरने हात पुढे केला नाही. तेव्हा भिंतीशी, चपला होत्या त्या जागी ती ठेवून कोठीवाला हॉस्पिटलच्या रस्त्याला लागला.