रेघेवरचं पाणी

नन्युकी गावच्या हमरस्त्यावर, विषुववृत्ताच्या पाटीपाशी, औषधी पाणी विकणाऱ्या काबेरियाभोवती ही गर्दी! त्याच्या हातात तळाला भोक पाडलेलं पातेलं, पाण्यावर तरंगणारी आगकाडी, पायाशी विकायच्या पाण्याच्या बाटल्या.

"बघा मंडळी! रेघेच्या उत्तरेला पाणी उजवीकडे फिरतं, दक्षिणेला डावीकडे. आणि रेघेवर? काडी हलतसुद्धा नाही! हे थांबलेलं पाणी प्या, तुमचं उसळलेलं रक्तही जागच्या जागी थांबेल!"

रक्त जागच्या जागी थांबलं तर माणूस मरतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. वाचिराच्याही नाही, आणि तो तर शाळेत विज्ञान शिकवायचा. गाव त्याला म्वालिमू, म्हणजे मास्तर म्हणायचं. ताईत विकणाऱ्यांची टर उडवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी तो म्हाताऱ्या आईला, त्याच्या माइतूला, मुद्दाम घेऊन आला होता, आणि काडी फिरताच पहिली टाळी त्यानेच वाजवली.

"माइतू, हे मात्र शास्त्र आहे बरं का! पृथ्वी फिरते ना, म्हणून."

बाटलीतलं पाणी त्याने हसण्यावारी नेलं. आईने नेलं नाही. काही दिवसांनी ती चुलीपाशी भोवळ येऊन पडली. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट तसंच होतं, उशाशी काबेरियाची बाटली.

"माइतू, गोळ्या का सोडल्यास?"

"तूच म्हणालास ना शास्त्र आहे? मग त्याचं पाणी फिरतं ते खरं, आणि औषध तेवढं खोटं?"

पाणी खरंच तसं फिरतं का, हे बघण्याची तसदी वाचिराने कधी घेतली नव्हती. त्याने घरच्या पातेल्याला भोक पाडून बूच लावलं, ते विटांवर ठेवलं, पाणी पार निवांत होऊ दिलं आणि बूच काढलं. काडी एकदा उजवीकडे फिरली, एकदा डावीकडे, एकदा नुसतीच लोळली. पृथ्वीचं फिरणं इतकं संथ, की पातेलंभर पाण्याला त्याचा पत्ताच नव्हता. त्यातून पुस्तकातली चक्रीवादळं उत्तरेला डावीकडे फिरतात! म्हणजे लबाडाने सोंगही उलटंच घेतलं होतं, आणि वर्षानुवर्षं ते शिकवणारा गाढव टाळ्या पिटत होता. मग त्याला आठवलं: उत्तरेला गेल्यावर काबेरिया पातेलं घेऊन लोकांकडे नेहमी उजवीकडून वळायचा, दक्षिणेला डावीकडून.

बाजाराच्या दिवशी तो आईला घेऊन पुन्हा रेघेपाशी गेला.

"काबेरिया, उत्तरेला जा. पण लोकांकडे वळताना आज डावीकडून वळ."

"म्वालिमू, जागेचा नियम असतो!"

"जागेचा ना? मग तू कसाही वळ, जागेला काय त्याचं?"

"वळ रे वळ!" लोक ओरडले. काबेरिया वळेना. वाचिराने पातेलं घेतलं आणि तो स्वतः डावीकडून वळला. काडी उत्तरेला असूनही डावीकडे फिरली. उजवीकडून वळला, तर उजवीकडे.

"पातेलं घेऊन वळलं की पाण्यालाही जरासा फेर मिळतो, आणि भोकाकडे जाताना तो वाढतो. रेघेवर हा वळतच नाही. एवढीच करामत!"

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?" आई म्हणाली.

"मला माहीतच नव्हतं, माइतू. उगाच शहाणपणा मिरवला. लोकहो, कुणाच्या शब्दावर जाऊ नका, माझ्यासुद्धा. पातेलं मागून घ्या आणि स्वतः बघा."

"मग गोळी तरी तुझ्या शब्दावर का घेऊ?" आईने सगळ्यांदेखत विचारलं. "चल दवाखान्यात. आज रक्तदाब मोजू, गोळ्या नेमाने घेऊन पुन्हा मोजू. उतरला तर मानेन."

वाचिराला हसू आलं आणि लाजही वाटली. त्याच्या वर्गात असं त्याला कुणीच कधी विचारलं नव्हतं.